काठीवालीचं माहेर

माझे यजमान रत्नागिरीत तंबूतल्या सिनेमात चित्रं समजावून सांगायचं काम करत. चित्रं तेव्हा मुकी होती. पडद्यावरच्या माणसांचे ओठ हलत, हातवारे होत, आणि मधेमधे काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं येत. ती वाचू शकणारी माणसं तंबूत मूठभर. म्हणून मालकांनी यजमानांना ठेवलं होतं. पडद्याच्या कडेला, बाजाच्या पेटीवाल्याशेजारी एका खोक्यावर उभं राहून ते पाट्या वाचायचे, कोण कोणाचा कोण ते सांगायचे, राजा आला की राजाच्या आवाजात बोलायचे, म्हातारी आली की म्हातारीच्या. त्याआधी ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कंपनी बसली आणि ते गावी परतले. तंबूत त्यांना पहिल्यांदाच चारचौघांसमोर मोकळ्या गळ्यानं बोलायला मिळालं. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले.

दिवाळी झाली की तंबू उभा राही आणि पावसाच्या तोंडावर उतरे. रिळं मुंबईहून आगबोटीनं येत. मांडवी बंदरावर पडावाच्या होडीतून ती उतरली की बातमी बाजारभर होई. लांज्याकडची माणसं कोर्टाच्या कामाला आली की तंबूत डोकावल्याशिवाय परत जात नसत. पुरुषांना बाकं होती, बायकांना कनातीपलीकडे चटया.

त्या वर्षांत एका बाईची चित्रं फार गाजली. चित्रात तिचं काहीतरी हिंदुस्थानी नाव होतं, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. तिच्या हातात नेहमी एक लांब काठी असे, म्हणून सगळे तिला काठीवाली म्हणत. डोळ्यांखालचा चेहरा फडक्यानं झाकलेला. एखाद्या गावात जुलूम चाललेला असे, तिथे ही कुठूनशी येई, काठी फिरवून चौघांना लोळवी आणि भिंतीवरून उडी टाकून निघून जाई. पुढच्या चित्रात दुसरं गाव. ती कोण, कुठली, तोंड का झाकते, हे कुठल्याच पाटीवर नव्हतं.

पुरुषांचं त्यावाचून काही अडलं नाही. बायकांचं अडलं. कनातीपलीकडून प्रश्न येत. "मास्तर, हिला आई हाय का?" "हिचं लगीन झालेलं काय?" यजमान काहीतरी सांगून वेळ मारून नेत. एकदा दुपारी जेवायला बसले असताना ते म्हणाले, "आज पुन्हा विचारतील. पाटीवर काही असेल तर मी सांगेन ना."

मी चुलीपुढे मासे तळत होते. सहज तोंडून गेलं, "सांगा, किनाऱ्यावरची आहे. बाप तांडेल होता."

"मग?"

"मग एकदा बापाचा मचवा गेला तो परत आला नाही."

ते जेवायचे थांबले. ती हकीकत कोणाची हे त्यांना ठाऊक होतं.

माझं माहेर हर्ण्याचं. माझा बाप खरोखरच तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता आणि त्याचा मचवा हंगामाच्या अखेरीस गेला तो आला नाही. त्याच मचव्यावर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. बहिणीला मी बाय म्हणत असे. बाय तेव्हा विशीच्या आतली, मी परकरातली. घरात आम्ही दोघी आणि आई, एवढंच माणूस उरलं. वाळूवर आमची एक लहान होडी उलटी पडून होती. बायनं पुष्कळ दिवस वाट पाहिली आणि मग एका सकाळी होडी सुलटी करून पाण्यात ढकलली. लांब नाही, किनाऱ्याच्या आसपासच, गळ टाकायला. पण गेली. आमच्यात बाईनं मासे विकावेत, सुकवावेत, जाळी सांधावीत, होडीत मात्र पाय ठेवू नये. गावातल्या वडीलधाऱ्यांनी आईला बोलावून तसं सांगितलं. आईनं बायला सांगितलं.

"मग आपण खायचं काय, ते पण त्यांनाच विचारून ये," बाय म्हणाली.

हर्ण्याला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव होतो. टोपल्या मांडायच्या, लोक जमतात, बोली लागते. बायनं आपली टोपली रांगेत मांडली. कोणी बोली लावली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. लोक तिच्या टोपलीला वळसा घालून पुढच्या टोपलीशी जात. भांडण नाही, शिवीगाळ नाही. काळोख पडू लागला की ती टोपली कडेवर उचलून घरी आणायची. आम्ही तेच मासे खायचो, उरलेले सुकत घालायचो. त्या वर्षी सगळ्यांनाच मासळी कमी मिळाली, तेव्हा तेही तिच्या माथी मारलं गेलं. एक दिवस दापोलीच्या बाजाराला जाते म्हणून ती निघाली, आणि मुंबईच्या बोटीत चढताना कोणाच्या तरी दृष्टीस पडली. पुढे तिची काही खबर आली नाही. आईनं तिचं नाव घेणं सोडलं. नव्या माणसानं विचारलं तर मला एकच मुलगी, असं सांगू लागली.

यजमानांनी हात धुतला आणि विचारलं, "देऊ का हे काठीवालीला?"

"द्या," मी म्हटलं. "हर्ण्याचं नाव नको."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तंबूत गेले, चटईवर बायकांत बसले. काठीवाली पडद्यावर एका कड्यावर उभी राहिली, वाऱ्यानं तिचं फडकं उडत होतं, आणि यजमानांनी सुरुवात केली. बापाचा मचवा, उलटी पडलेली होडी, वाळूवरची टोपली. आवाज चढवला नाही, नाटकी काही केलं नाही. मग म्हणाले, "आता तुम्ही विचाराल, ही तोंड का झाकते. गावातलं कोणी भेटलं आणि ओळख पटली, तर घरी आईला चार शब्द ऐकावे लागतील. म्हणून झाकते." तोंड झाकण्याचं ते कारण मी दिलेलं नव्हतं. ते त्यांचं होतं. पेटीवाल्यानं हात थांबवला होता.  माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती, आणि मी ताठ बसले होते, कारण रडले असते तर कोणीतरी विचारलं असतं.

तेव्हापासून काठीवालीचं नवं चित्र आलं की बायकांच्या चटया पुरत नसत. शेजारच्या मिऱ्या गावातल्या मुली तोंडाला फडकी बांधून वाळूत काठ्या फिरवायच्या. चित्रात तिनं कोणाला वाचवलं यापेक्षा तिच्या घरचं पुढं काय झालं याची चौकशी जास्त. यजमान दर चित्राला थोडं थोडं सांगत आणि ते आमच्या स्वयंपाकघरात ठरत असे.

सगळ्यांत जास्त विचारायची ती मिऱ्याची मावशी. ती आमच्या दारावर मासे घेऊन यायची. तिचा नवरा खलाशी होता. गलबतावर गेलेला, त्यालाही वर्षं झाली होती. गलबत बुडाल्याची बातमी नव्हती आणि कोणी परतही आलं नव्हतं. ती कुंकू लावत होती. पायरीवर बसून विळीवर मासा कापता कापता ती मला म्हणायची, "वैनी, मास्तरांना सांगा, तिचा बाप सापडू दे. एकादा मचवा जातो वाहत लांबच्या मुलखाला. माणसं मागून येतात."

"येतात," मी म्हणायची.

यजमानांनाही वाटत होतं की बाप सापडावा. लोकांना आवडेल, म्हणाले. मी नको म्हटलं. "बाप आला तर ती घरी जाईल. मग ती काठीवाली कशाला राहील?" मी असं म्हटलं खरं, पण मनात दुसरंच होतं. बाप परत आल्याचं एकदा तंबूत ऐकलं असतं तर मला घरी येऊन चूल पेटवता आली नसती. मावशीनं मग बापाचं विचारणं कमी केलं. तरी प्रत्येक नव्या चित्राला सगळ्यांत पुढच्या चटईवर ती असायचीच.

असं तीनचार हंगाम चाललं. मग बोलपट आले.

मुंबईचे चाकरमानी सुट्टीला आले की सांगत, तिकडे आता चित्रं बोलतात, गातात. आमच्या तंबूत बोलतं यंत्र उशिरा आलं. मालकांनी ते आणवलं त्या हंगामात पहिलंच चित्र काठीवालीचं लागलं. बाजारात ढोल वाजवून पुकारलं, काठीवाली आता स्वतः बोलणार. मालकांनी यजमानांना बोलावून सांगितलं, "मास्तर, आता खोक्यावर उभं राहायचं कारण नाही. दारावर थांबा, लोकांना जागेवर बसवा." माणूस वाईट नव्हता. दुसरं तो तरी काय सांगणार होता?

पहिल्या खेळाला मी गेले. मावशीनं माझ्यासाठी चटईवर जागा धरून ठेवली होती. यजमान कनातीच्या कडेला उभे होते. एंजिन सुरू झालं, पडदा उजळला आणि काठीवाली बोलली. आवाज गोड होता, थोडा खरखरत होता. पुरुषांच्या बाजूला टाळ्या पडल्या. बोलणं हिंदुस्थानी. आम्हाला अर्धंमुर्धं कळत होतं.

चित्राच्या मध्यावर ती एका मोठ्या दरबारात आली. तिथे पागोटंवाला एक म्हातारा बसला होता. काठीवालीनं त्याच्यासमोर तोंडावरचं फडकं सोडलं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा आम्ही पहिल्यांदा पाहिला. ती पुष्कळ वेळ बोलली, मग म्हाताऱ्यानं उठून तिला पोटाशी धरलं. बाकांवर पुन्हा टाळ्या. चटयांवर बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मावशी उभी राहिली. "मास्तर, ही काय बोलते? आमाला कळत नाय. तुमी सांगा."

यजमानांनी मालकांकडे पाहिलं. मालक यंत्रापाशी होते, त्यांनी हात हलवून नको म्हटलं. पण मावशी खाली बसेना आणि मागून आणखी दोघीतिघी उभ्या राहिल्या. तेव्हा यजमान हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ती म्हणते ती जहागीरदाराची मुलगी. लहानपणी दाईनं लपवून वाढवली. हा तिचा बाप. मोठ्या घरच्या बायका परक्याला तोंड दाखवत नाहीत, म्हणून ती झाकत होती."

"मग बुडाला तो कोणाचा बाप?" मावशीनं विचारलं.

यजमानांनी पडद्याकडे पाहिलं. मावशी उभीच राहिली. मागच्या बायकांना पडदा दिसेना, तरी त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस गावात दुसरा विषय नव्हता. शाळेतली मोठी मुलं आणि कचेरीतले कारकून म्हणत, यात वाद कसला, चित्र कंपनीचं, बाई कंपनीची, ती कोणाची मुलगी हे कंपनीच ठरवणार. मास्तर इतके दिवस थापा मारत होते एवढाच त्याचा अर्थ. बाजारात एकानं यजमानांच्या तोंडावर तसं म्हटलं. मिऱ्याकडची माणसं उलट म्हणत, कंपनीला काय ठाऊक, ती आपली होती, तिला पळवून नेऊन जहागीरदाराच्या घरात घातली. लांज्याहून एक म्हातारी मुलाला घेऊन चालत आली होती, तिनं आमचं घर शोधून काढलं. ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि विचारलं, "तिची आई मग वाट बघतच राहिली का, बाबा?" यजमान तिच्यासमोर मान खाली घालून बसले. मी आतून ऐकत होते.

बायकांनी तंबूत जाणं सोडलं. चटया ओस पडल्या, तेव्हा मालक घरी आले. मिऱ्याच्या बायकांनी त्यांना गाठून सांगितलं होतं, तिचा आवाज बंद ठेवा आणि मास्तरांना बोलू द्या. मालक म्हणाले, "एक दुपार फक्त बायकांचा खेळ करतो. यंत्र मुकं ठेवतो. बोलाल?"

यजमान कबूल झाले. दोन दिवस ते आनंदात होते. मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी तंबू भरला. बायका बाकांवरसुद्धा बसल्या. खोकं पुन्हा पडद्याच्या कडेला आलं, पेटीवाल्यालाही बोलावलं होतं. यजमानांनी सुरुवात छान केली. मारामाऱ्या झाल्या, घोडे धावले, सगळं पूर्वीसारखं चाललं. मग दरबार आला. काठीवालीनं फडकं सोडलं. तिचे ओठ हलू लागले. यजमान म्हणाले, "ती म्हणते आहे, माझा बाप समुद्रात गेला..." आणि समोर तो पागोटंवाला म्हातारा उठला, त्यानं तिला पोटाशी धरलं, तिनं त्याच्या खांद्यावर मान टाकली.

यजमानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा एकदा प्रयत्न केला. ती पोरगी बापाच्या खांद्यावर रडत होती, तिला तो सापडला होता, आणि यजमान आम्हाला सांगणार होते की तो बुडाला. त्यांना ते जमलं नाही. पेटीवालाही थांबला. पुढचं चित्र तसंच सरकत राहिलं, एंजिनचा आवाज तेवढा येत होता. कोणी ओरडलं नाही. चित्र संपल्यावर बायका उठून गेल्या. जाताना मावशी यजमानांजवळ थांबली. "राहू दे मास्तर," म्हणाली. "तुमच्याच्यानं होयाचं नाय ते."

घरी आल्यावर ते म्हणाले, "इतकी वर्षं मी बोलत होतो, कारण ती बोलत नव्हती." त्यानंतर ते तंबूत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली, टोपली न घेता. पायरीवर बसली. "वैनी, मला एक खरं सांगा. मास्तरांनी ते सगळं कुठनं काढलं? असं कोणी उगाच रचत नाय. टोपलीला वळसा घालून जातात, हे ज्यानं बघितलं त्यालाच ठाऊक."

मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. इतक्या वर्षांत नवऱ्याशिवाय कोणाशीही मी बायबद्दल बोलले नव्हते.  माझं संपल्यावर मावशी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे ती हाय."

"कुठे आहे ते ठाऊक नाही. आहे की नाही तेही नाही."

"वळखायची कशी?"

"डाव्या भुवईत गळ लागल्याची खूण आहे."

मावशी उठली. तिनं कोणाकोणाला सांगितलं मला कळलं नाही. मिऱ्याचे, मांडवीचे कितीतरी पुरुष मुंबईला गोदीत होते, बोटींवर होते, गिरण्यांत होते. बायकांनी त्यांना सांगून पाठवलं असणार. पाऊस आला, गेला. गणपतीला लोक येऊन गेले. तंबू उभा राहायच्या सुमारास मावशीचा पुतण्या रजेवर आला आणि तिच्याबरोबर आमच्याकडे आला. तो गोदीत काम करायचा. म्हणाला, गोदीच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे, सगळी कोकणातलीच माणसं जेवतात. चालवणारी बाई उंच आहे, फार बोलत नाही. भुवईत खूण आहे. "पण वैनी, ती आपल्याला मालवणकडची म्हणून सांगते."

"सांगू दे," मावशी म्हणाली. "तुमी जाऊन या."

पुतण्या परतला तेव्हा त्याच्याबरोबर आम्ही दोघं आगबोटीनं गेलो. मुंबई मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली, पण डोळ्यांत काही शिरलं नाही. पुतण्यानं आम्हाला त्या गल्लीत नेलं. जिना लाकडी, अरुंद, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पुरुष पाटांवर जेवत होते. यजमान त्यांच्यात बसले. बायकांना तिथे जागा नव्हती, म्हणून वाढणाऱ्यानं मला आत स्वयंपाकघरात पाठवलं.

ती पाठमोरी होती. एका मोठ्या पातेल्यातला भात काढत होती. वळली, परात कडेवर घेतली, आणि मला तिच्या भुवईकडे बघावंच लागलं नाही. हर्ण्याच्या वाळूवरून ती अशीच टोपली घेऊन यायची.

तिनं माझ्याकडे पाहिलं. परात खाली ठेवली. मग पाट मांडला, पाणी ठेवलं. "बसा," म्हणाली. "कुठच्या तुम्ही?"

"रत्नागिरीहून आलो. माहेर हर्ण्याचं."

"लांबून आलात." ती वाढू लागली. 

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"मी मालवणकडची."

बोलणं आमचंच होतं. आमच्याकडे शब्दाच्या शेवटी जो हेल काढतात तो तिचा अजून गेला नव्हता. मी भात कालवला. खाऊ लागले. ती चुलीशी बसली, लाकडं आत सारली. थोड्या वेळानं चुलीकडे बघतच तिनं विचारलं, "हर्ण्याला कोण असतं?"

"आई आहे. थकली आता. डोळ्यांना कमी दिसतं."

"एकटी?"

"शेजारची पोरगी निजायला येते सोबतीला. मी वर्षातून एकदा जाते."

तिनं मान हलवली. उठून मला आमटी वाढली, मी नको म्हणत असताना. मी म्हटलं, "आईला दोन मुली होत्या."

"जेवा," ती म्हणाली. "निवतंय."

मी जेवले. ताट उचलायला गेले तर तिनं उचलू दिलं नाही. बाहेर पुरुषांची दुसरी पंगत बसत होती, वाढणारा भातासाठी हाका मारत होता. मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. जिना काळोखा होता. तिनं माझं कोपर धरलं आणि मधल्या वळणापर्यंत माझ्याबरोबर खाली उतरली. हात खरबरीत होता आणि घट्ट. तिथे मी विचारलं, "पुन्हा आले तर चालेल?"

"खानावळ आहे," ती म्हणाली. "येणाऱ्याला नाही कोण म्हणतं?" आणि ती वर गेली.

रस्त्यावर यजमानांनी विचारलं, "तीच का?"

"मालवणकडची आहे म्हणाली."

त्यांनी पुढे विचारलं नाही. बोटीत बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "मग आपणही तिला मालवणकडचीच म्हणायचं."

मला राग आला. मी इतक्या लांब गेले होते, तिच्यासमोर बसून जेवले होते, आणि एक शब्द तिला जड झाला. जयगडचा दिवा मागे पडेपर्यंत तो राग माझ्या पोटात होता. मग हळूहळू लक्षात येत गेलं की हर्ण्याची म्हणून तिला काय मिळालं होतं. मालवणकडची म्हणून तिनं दोन खोल्या उभ्या केल्या होत्या आणि पन्नास माणसं तिच्या हातचं जेवत होती. त्यात मी जाऊन तिला जुनी टोपली हातात द्यायला निघाले होते. राग गेला असं नाही म्हणणार. पण मी पुन्हा मुंबईची बोट धरून तिला कबूल करायला लावायला गेले नाही.

मावशी धक्क्यावरच उभी होती. माझा चेहरा वाचत होती.

"नव्हती ती," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. माझं गाठोडं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि घरापर्यंत पोचवलं. तिनं ओळखलं की नाही, मी कधी विचारलं नाही. मिऱ्याला मात्र तिनं तेच सांगितलं, की मुंबईची ती बाई दुसरीच कोणी.

काठीवालीचे आणखी काही बोलपट आले. नव्या मुलींना ती जहागीरदाराची म्हणूनच ठाऊक झाली, आणि त्यांचंही काही बिघडलं नाही. त्या तिची गाणी म्हणत पाणी भरायच्या. यजमानांना मांडवीला बोटीच्या उतारूंना पुकारायचं काम मिळालं. आवाज होताच.

शिमग्याला मी हर्ण्याला गेले. आई अंगणात सुकट उलटीपालटी करत होती, हातानं चाचपत. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाय भेटली."

तिचा हात थांबला नाही. शेजारणीनं ऐकलं तर नाही ना म्हणून मी वळून पाहिलं. एक रांग उलटून झाल्यावर आईनं विचारलं, "बोलली?"

"नाही. मी मालवणकडची म्हणाली."

आई म्हणाली, "बरं केलंन." मग थोड्या वेळानं, "तुला जेवायला घातलंन?"

"पोटभर घातलं. मोठी खानावळ आहे तिची."

"अंगानं कशी आहे?"

"भरली आहे. केस पिकायला लागलेत."

आईनं पदरानं हात पुसले. माझ्या जवळ सरकली, आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग. तू दारात गेलीस, मग ती काय करत होती?"

मी सांगितलं. संपल्यावर तिनं पुन्हा सांग म्हटलं, आणि मी पुन्हा सांगितलं.